बंद पेटीतल्या क्रॉसओव्हरची ऑर्डर कशी ओळखली: इंदूरच्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५

आमच्या मंडळाच्या ध्वनिसंचात दोन्ही बाजूंना एकेक वूफर आणि एकेक हॉर्न असून त्यांना आवाज वाटून देणारी क्रॉसओव्हरची पेटी एकच आहे. या पेटीतील डाव्या बाजूचा बोर्ड निकामी झाला आहे, उजव्या बाजूचा चालू आहे. दोन्ही बोर्डांवर काळा इपॉक्सी ओतलेला असल्यामुळे आतले आयसी, रेझिस्टर किंवा कपॅसिटर दिसत नाहीत, आणि सर्किटचा नकाशा कोणाकडेही उपलब्ध नाही. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे आणि त्या दहा दिवसांत नाटक, भजन आणि बालकलाकारांचे कार्यक्रम याच संचावर व्हायचे आहेत. म्हणून डाव्या बाजूसाठी नवा बोर्ड तयार करायचे ठरले.

नवा बोर्ड उजव्या बोर्डासारखाच हवा, नुसत्या कटऑफ वारंवारतेपुरता (जिच्यापलीकडे फिल्टर सिग्नल कापू लागतो) नव्हे, तर ऑर्डरपुरताही, म्हणजे त्यापलीकडे सिग्नल किती तीव्रपणे कापला जातो त्याबाबतीतही. एका बाजूला तिसऱ्या ऑर्डरचा आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या ऑर्डरचा फिल्टर असेल, तर कटऑफच्या आसपास दोन्ही बाजूंची फेज, म्हणजे लाटेचा मागेपुढेपणा, निराळी राहते, आणि रंगमंचाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या नटाचा आवाज मध्यभागातून येत नाही. तेव्हा पहिले काम उजव्या बोर्डाची ऑर्डर नक्की करण्याचे. बोर्डाला आत जाणाऱ्या तारा (सिग्नल, ग्राउंड आणि ±१५ व्होल्ट पुरवठा) आणि बाहेर येणारे दोन आउटपुट (वूफरकडे खालच्या वारंवारता देणारा लो-पास आणि हॉर्नकडे वरच्या देणारा हाय-पास), एवढ्याच गोष्टी हाताला लागतात. बाकी सर्व बाहेरून मोजूनच ठरवायचे आहे.

८ जुलै

उपकरणे जमवली: फंक्शन जनरेटरचे एक स्वस्त किट, दोन चॅनेलचा डिजिटल ऑसिलोस्कोप आणि नेहमीचा मल्टिमीटर.

मल्टिमीटर आजच बाजूला ठेवला. फिल्टर मध्ये न घालता जनरेटर थेट मीटरला आणि स्कोपला एकाच वेळी जोडून पाहिले, तेव्हा ४०० हर्ट्झपर्यंत दोघांचे आकडे जुळत होते, परंतु त्यापुढे मीटरचा आकडा आपोआप खाली येऊ लागला. अशा मीटरने फिल्टर मोजला, तर मीटरची स्वतःची घट फिल्टरच्या घटीत मिसळते आणि उतार खऱ्यापेक्षा तीव्र दिसतो. ज्यांना मीटरवरच काम भागवायचे आहे त्यांनी ही तपासणी अवश्य करावी. तिला पाच मिनिटे पुरतात.

प्रोबबद्दलही एक गोष्ट येथेच नोंदवतो. १०x स्थितीत सिग्नल दहा पटीने लहान होतो, म्हणजे स्टॉपबँडमध्ये (फिल्टर कापतो त्या पट्ट्यात) आधीच क्षीण झालेल्या सिग्नलमधले २० डेसिबल आपण विनाकारण घालवतो. ध्वनीच्या वारंवारतांना प्रोबची १x स्थिती पुरेशी आहे, आणि ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला तिचा भारही जाणवत नाही.

१२ जुलै

लो-पास आउटपुटची पहिली मोजणी केली. पासबँडमध्ये (फिल्टर न कापता जाऊ देतो त्या पट्ट्यात) आउटपुट १० व्होल्ट पीक-टू-पीक राहील असा इनपुट ठेवला. वारंवारता वाढवत नेल्यावर १३३० हर्ट्झला आउटपुट ७.०७ व्होल्ट झाले, म्हणजे ३ डेसिबल घट. तेथून पुढे प्रत्येक वेळी वारंवारता दुप्पट करत वाचन घेतले. २६६० हर्ट्झला १.३२ व्होल्ट, म्हणजे १७.६ डेसिबल. ५३२० हर्ट्झला ९३ मिलिव्होल्ट, म्हणजे ४०.६ डेसिबल. १०,६४० हर्ट्झला साधारण १२ मिलिव्होल्ट, म्हणजे ५८.४ डेसिबल.

प्रत्येक ऑर्डरमागे उतार दर ऑक्टेव्हला (वारंवारता दुप्पट होताना) ६ डेसिबलने, किंवा दर दशकाला (ती दहापट होताना) २० डेसिबलने वाढतो. वरच्या आकड्यांत ३ डेसिबलपासून ५८.४ डेसिबलपर्यंतची एकूण घट ५५.४ डेसिबल असून ती तीन ऑक्टेव्हमध्ये झाली आहे. सरासरी १८.५ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. म्हणजे तिसरी ऑर्डर. शिवाय तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थ (पासबँड जास्तीत जास्त सपाट ठेवणाऱ्या) फिल्टरची घट कटऑफच्या दुप्पट वारंवारतेला १८.१ डेसिबल असते आणि आपले वाचन १७.६ आहे, हे दोन्ही पुरावे एकमेकांना दुजोरा देताना दिसतात.

१३ जुलै

कालच्या निष्कर्षावर बोर्ड बांधायला घेतला नाही, कारण आकड्यांतील फरक एकसारखे नाहीत. पहिल्या ऑक्टेव्हमध्ये १४.६ डेसिबल, दुसऱ्यात २३.० आणि तिसऱ्यात १७.८. कटऑफपासून दूर जाताना साध्या लो-पास फिल्टरचा उतार एका ठरावीक आकड्याकडे सरकत जाऊन तेथे स्थिरावतो. तो आधी वाढून पुन्हा कमी होत असेल, तर एक तर फिल्टरच्या रचनेत स्टॉपबँडमध्ये खड्डे पाडणारे शून्य (ठरावीक वारंवारता पुसून टाकणारे बिंदू) आहेत, किंवा आपण शेवटच्या ठिकाणी फिल्टर मोजतच नसून दुसरे काहीतरी मोजत आहोत. सरासरी काढली की ही विसंगती त्या सरासरीत लपून जाते. ऑर्डर शोधताना दोन टोकांमधून रेघ ओढण्याऐवजी प्रत्येक ऑक्टेव्हचा फरक वेगळा मांडावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

सध्या संशय शेवटच्या वाचनावर आहे. स्कोपच्या पडद्यावर १२ मिलिव्होल्टची रेघ जाडसर आणि थरथरती होती.

१९ जुलै

संशय खरा ठरला. जनरेटर बंद करून केवळ प्रोब आउटपुटला लावला, तरी पडद्यावर काही मिलिव्होल्टचा गोंगाट आणि त्यात विजेच्या पुरवठ्यातून येणारा ५० हर्ट्झचा हम दिसत होता. १०,६४० हर्ट्झला सिग्नल स्वतःच जवळजवळ तेवढा असेल, तर पीक-टू-पीक वाचन दोघांच्या बेरजेचे होते, घट कमी दिसते आणि उतार खोटा मवाळ होतो.

उपाय दोन केले. पहिला म्हणजे स्कोपचे ट्रिगर (लाट पडद्यावर एकाच जागी स्थिर धरणारी सोय) आउटपुटवरून काढून इनपुटच्या चॅनेलवर लावले आणि १२८ वाचनांची सरासरी घेणारी सोय सुरू केली. सिग्नल ट्रिगरशी जुळलेला असल्यामुळे तो टिकतो, बेताल गोंगाट मात्र १२८ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ११ पटीने, कमी होतो. ५० हर्ट्झचा हमही त्यात पुसला जातो. आउटपुटवरच ट्रिगर ठेवला असता, तर क्षीण सिग्नलवर ट्रिगर डळमळतो आणि सरासरी निरर्थक ठरते.

एवढे करूनही आकडा ८ मिलिव्होल्टच्या खाली येईना. तेव्हा बोर्डाचा इनपुट ग्राउंडला जोडला आणि जनरेटर त्याच्या तारेसह जागच्या जागी चालू ठेवला. अशा स्थितीत आउटपुटवर काहीच यायला नको होते, तरी त्याच वारंवारतेचे सुमारे २ मिलिव्होल्ट स्पष्ट दिसले. इनपुटची उघडी तार आउटपुटच्या तारेला चिकटून टेबलावर पडलेली होती आणि सिग्नल फिल्टरला वळसा घालून थेट पलीकडे जात होता. असा गळका सिग्नल सरासरीने जात नाही, कारण तो मूळ सिग्नलचाच भाग असतो. दोन्ही बाजूंना शील्ड असलेल्या तारा लावल्या आणि त्या एकमेकींपासून दूर ठेवल्या. त्यानंतर १०,६४० हर्ट्झचे वाचन ६ मिलिव्होल्टवर आले, म्हणजे ६४.४ डेसिबल.

आता फरक असे आहेत: १४.६, २३.०, २३.८. उतार २४ कडे सरकत आहे. तिसरी ऑर्डर गेली, चौथी आली.

२० जुलै

पहिल्या ऑक्टेव्हने तिसऱ्या ऑर्डरची इतकी हुबेहूब नक्कल का केली, हे आज कागदावर तपासले. या कामात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

ध्वनिसंचांच्या क्रॉसओव्हरमध्ये चौथ्या ऑर्डरची बहुतेक वेळा दिसणारी रचना म्हणजे सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७६ साली मांडली गेलेली रचना. दुसऱ्या ऑर्डरचे दोन बटरवर्थ फिल्टर एकामागे एक लावले की ती तयार होते. दोघांची प्रत्येकी ३ डेसिबल घट जमा होऊन क्रॉसओव्हरच्या वारंवारतेला ६ डेसिबल घट मिळते. त्यामुळे तिचा ३ डेसिबलचा बिंदू क्रॉसओव्हरच्या वारंवारतेवर पडत नाही, तिच्या ०.८ पटीवर पडतो, आणि तेथे वक्र अजून वाकतच असतो. या बिंदूपासून एक ऑक्टेव्ह पुढे तिची घट १७.६ डेसिबल भरते. तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थची तेथेच १८.१. अर्ध्या डेसिबलचा हा फरक पाच टक्क्यांच्या कपॅसिटरांमुळे सहज पडू शकतो, म्हणून एक ऑक्टेव्ह मोजून या दोघांत निवड करणे अशक्य आहे. दुसऱ्या ऑक्टेव्हला मात्र ४०.६ विरुद्ध ३६.१ आणि तिसऱ्याला ६४.६ विरुद्ध ५४.२, असे ते दोघे झपाट्याने वेगळे होतात. माझी दुरुस्त केलेली वाचने यांपैकी पहिल्या, म्हणजे लिंकविट्झ-रायलीच्या, आकड्यांवर बसतात.

इतर प्रकारांचे फिल्टर मोजणाऱ्यांसाठी आणखी थोडे. एकमेकांपासून बफरने (आधीच्या टप्प्यावर भार न टाकणाऱ्या सर्किटने) वेगळे केलेले चार सारखे आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) टप्पे एकामागे एक असतील, तर ३ डेसिबलच्या दुप्पट ते चौपट वारंवारतेच्या ऑक्टेव्हमध्येसुद्धा उतार जेमतेम १४.४ डेसिबल मिळतो, जणू फिल्टर अडीच ऑर्डरचा असावा. उलट पासबँडमध्ये १ डेसिबल रिपलचा, म्हणजे चढउताराचा, तिसऱ्या ऑर्डरचा चेबिशेव्ह फिल्टर कडेपासूनच्या पहिल्या ऑक्टेव्हमध्ये २१.५ डेसिबल, दुसऱ्यात १९.४ आणि तिसऱ्यात १८.४ दाखवतो. म्हणजे बटरवर्थ आणि आरसी टप्पे खालून वर येत आपल्या उताराला पोहोचतात, चेबिशेव्ह वरून खाली येतो. खुद्द कटऑफच्या बिंदूवर बटरवर्थचा उतार अंतिम उताराच्या बरोबर निम्मा असतो, हेही ध्यानात ठेवावे. लागोपाठच्या दोन ऑक्टेव्हचे फरक जवळजवळ सारखे येईपर्यंत ऑर्डर लिहू नये, आणि ते तसे येण्याआधीच गोंगाटाची पातळी गाठली गेली, तर मोजण्याची पद्धत सुधारावी.

फार वर जाण्यातही धोका आहे. सॅलेन-की पद्धतीच्या फिल्टरमध्ये उच्च वारंवारतांना ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स वाढतो आणि सिग्नल फीडबॅकच्या कपॅसिटरमधून सरळ आउटपुटला पोहोचू लागतो. उजव्या बोर्डावर १०० किलोहर्ट्झच्या पुढे घट वाढण्याऐवजी कमी होताना दिसली, ती त्यामुळेच असावी. तेथला उतार ऑर्डरबद्दल काहीही सांगत नाही.

२६ जुलै

स्टॉपबँडच्या क्षीण सिग्नलवर विसंबून न राहता ऑर्डर पडताळण्याच्या दोन चाचण्या आज केल्या. दोन्हींत सिग्नल भरपूर मोठा असतो, त्यामुळे साध्या स्कोपवरही त्या नीट होतात.

पहिली चाचणी फेजची. स्कोप एक्स-वाय स्थितीत ठेवून एका अक्षावर इनपुट आणि दुसऱ्यावर लो-पास आउटपुट दिले. अगदी कमी वारंवारतेला उजवीकडे चढणारी तिरपी रेघ दिसते. वारंवारता वाढवली की तिचा लंबगोल होतो आणि फेज १८० अंशांवर पोहोचली की पुन्हा सरळ रेघ मिळते, मात्र उलट्या दिशेला झुकलेली. त्या क्षणी आउटपुट इनपुटच्या किती पट आहे ते पाहावे. तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थमध्ये ते एक तृतीयांश असते, चौथ्या ऑर्डरच्या बटरवर्थमध्ये ०.७०७ पट आणि लिंकविट्झ-रायलीमध्ये बरोबर निम्मे. माझ्याकडे १६५५ हर्ट्झच्या आसपास रेघ सरळ झाली आणि आउटपुट ५ व्होल्ट होते, म्हणजे निम्मे. एक तृतीयांश आणि निम्मे यांत गल्लत होण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी चाचणी बेरजेची. लो-पास आणि हाय-पास हे दोन्ही आउटपुट १० किलोओहमच्या दोन सारख्या रेझिस्टरांमधून एकत्र केले. बेरीज सर्व वारंवारतांना सपाट आली. नंतर हाय-पासच्या वाटेत एक उलटा करणारा ऑप-अ‍ॅम्प घालून पुन्हा बेरीज घेतली, तेव्हा १६५५ हर्ट्झला खोल खड्डा पडला. तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थ जोडीत पोलॅरिटी (लाटेची धन-ऋण दिशा) सरळ असो वा उलटी, बेरजेचे मान सपाटच राहते. खड्डा कोणत्याच बाजूला पडत नाही. खड्डा पडला याचाच अर्थ ऑर्डर सम आहे, आणि तो उलट्या पोलॅरिटीला पडला यावरून ती दुसरी नसून चौथी आहे, कारण दुसऱ्या ऑर्डरच्या लिंकविट्झ-रायली जोडीत खड्डा सरळ पोलॅरिटीला पडतो. काही पेट्यांमध्ये एक आउटपुट आतच उलटा केलेला असतो. म्हणून कमी वारंवारतेला लो-पासची आणि जास्त वारंवारतेला हाय-पासची पोलॅरिटी इनपुटशी ताडून मगच हा निष्कर्ष काढावा.

२७ जुलै

हाय-पास बाजू मोजताना वेगळीच अडचण आली. ४१४ हर्ट्झला, म्हणजे क्रॉसओव्हरच्या चौथ्या भागाला, घट ४८.२ डेसिबल यायला हवी. स्कोपवर ती त्याहून बरीच कमी दिसत होती आणि लाटेचा आकार साइनसारखा राहिलाच नव्हता. २०७ हर्ट्झला तर पडद्यावर मूळ वारंवारतेपेक्षा तिच्या हार्मोनिक्सच (तिच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारता) अधिक होत्या.

कारण जनरेटरमध्ये आहे. अशा किटच्या साइन लाटेत एक टक्का किंवा त्याहून अधिक विकृती सहज असते. लो-पास मोजताना ती त्रास देत नाही, कारण हार्मोनिक्स मूळ वारंवारतेपेक्षाही जास्त कापल्या जातात. हाय-पासमध्ये याच्या उलट होते: २०७ हर्ट्झची मूळ लाट चार हजार पटीने लहान होते, तर तिची पाचवी हार्मोनिक १०३५ हर्ट्झला असल्यामुळे आठ पटीच्या आतबाहेरच लहान होऊन बाहेर पडते. सरासरी घेऊन हे जात नाही, कारण हार्मोनिक्सही ट्रिगरशी जुळलेल्या असतात.

राजेंद्रनगरच्या एका स्नेह्यांकडून २४ बिटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस मागून आणला आणि संगणकावर रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने स्वीप (सर्व वारंवारतांतून सरकत जाणारा सिग्नल) घेतला. आधी इंटरफेसचा आउटपुट थेट त्याच्याच इनपुटला जोडून लूपबॅकची नोंद करून घेतली, म्हणजे इंटरफेसचा स्वतःचा वक्र वजा होतो. या पद्धतीत हार्मोनिक्स मूळ प्रतिसादापासून वेगळ्या काढल्या जातात. लॅपटॉप चार्जरवर असताना हम फार येत होता. चार्जर काढून बॅटरीवर मोजल्यावर तो गेला. हाय-पासचे आकडे असे: १६५५ हर्ट्झला ६.०, ८२८ ला २४.५, ४१४ ला ४८.१ आणि २०७ ला ७१.९ डेसिबल. फरक १८.५, २३.६, २३.८. दोन्ही बाजू चौथ्या ऑर्डरच्या आहेत.

हा इंटरफेस पहिल्यापासून हाती असता, तर दोन आठवडे वाचले असते. मात्र २६ तारखेच्या चाचण्यांना त्याची गरज नाही, आणि ज्यांच्याकडे केवळ स्कोप आहे त्यांनी आधी त्याच कराव्यात.

२ ऑगस्ट

नव्या बोर्डाचे मूल्यगणित सोपे निघाले. सॅलेन-की पद्धतीच्या, एकपट गेनच्या लो-पास टप्प्यात दोन्ही रेझिस्टर ६.८ किलोओहम, ग्राउंडकडचा कपॅसिटर १० नॅनोफॅरड आणि फीडबॅकचा त्याच्या दुप्पट घेतला, तर वारंवारता १६५५ हर्ट्झ येते. मूळ बोर्डातही हीच मूल्ये असावीत, असे मला वाटते. हाय-पास टप्प्यात दोन्ही कपॅसिटर १० नॅनोफॅरड, फीडबॅकचा रेझिस्टर ६.८ किलोओहम आणि ग्राउंडकडचा त्याच्या दुप्पट. दुप्पट मूल्य हवे तेथे दोन कपॅसिटर समांतर आणि दोन रेझिस्टर एकसरीत जोडले, म्हणजे संपूर्ण बोर्ड एकाच मूल्याच्या रेझिस्टरवर आणि एकाच मूल्याच्या कपॅसिटरवर उभा राहतो आणि निवडून जुळवणे सोपे जाते.

सामान महाराणी रोडवरून आणले: टीएल०७२ आयसी, एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, पॉलिस्टर फिल्मचे कपॅसिटर. सिरॅमिकपैकी एक्स७आर जातीचे कपॅसिटर टाळले, कारण व्होल्टेज आणि तापमानानुसार त्यांचे मूल्य बदलते. इनपुटला बफर अवश्य ठेवला आहे. तो नसता आणि मिक्सरचा आउटपुट ६०० ओहमचा असता, तर ते ६०० ओहम पहिल्या ६.८ किलोओहममध्ये मिळून फिल्टर बिघडला असता.

१० ऑगस्ट

बोर्ड चालला, ऑर्डर बरोबर आली, परंतु ६ डेसिबलचा बिंदू १५४७ हर्ट्झला पडला. कपॅसिटर एलसीआर मीटरवर घातले, तेव्हा ते सर्व १०.७ नॅनोफॅरडच्या आसपास निघाले. दहा टक्के सहनशीलतेच्या मालात हे नियमात बसते. एकाच खेपेतला माल एकाच दिशेला सरकलेला असल्यामुळे उतार आणि वक्राचा आकार अचूक राहिला, केवळ वारंवारता खाली गेली. पाच टक्क्यांचे जादा कपॅसिटर आणून त्यांतून ९.९ ते १०.० नॅनोफॅरडचे निवडले. सोल्डर काढताना दोन ठिकाणी तांब्याची पट्टी उखडली आणि तेथे तार जोडावी लागली. कपॅसिटर बसवण्याआधीच मोजून घेतले असते, तर आठवडा गेला नसता.

१६ ऑगस्ट

नवा बोर्ड: ६ डेसिबलचा बिंदू १६६८ हर्ट्झ, लो-पासचे ऑक्टेव्हवार फरक १८.६, २३.६ आणि २३.९. उजव्या बोर्डाशी तुलना करण्यासाठी दोघांना एकच सिग्नल दिला, एकाचा लो-पास आउटपुट उलटा केला आणि दोघांची बेरीज घेतली. क्रॉसओव्हरच्या वारंवारतेला उरलेला सिग्नल मूळ आउटपुटच्या ३१ डेसिबल खाली आहे. दोन वारंवारतांमधील पाऊण टक्क्याच्या फरकातून गणिताने एवढाच अवशेष निघतो, म्हणजे याहून वेगळा दोष बोर्डात नाही. हाय-पासचीही तीच स्थिती आहे.

बोर्ड पेटीत बसवला. हॉर्नच्या तारांची पोलॅरिटी दोन्ही बाजूंना सारखीच ठेवायची आहे. लिंकविट्झ-रायलीच्या चौथ्या ऑर्डरमध्ये एका बाजूचा हॉर्न उलटा जोडला गेला, तर २६ जुलैला पाहिलेला खड्डा सभागृहात ऐकू येईल. खर्च सुट्या भागांचा सुमारे ६५० रुपये झाला, त्यातले जवळपास २०० रुपये बदललेल्या कपॅसिटरांचे. शील्डच्या तारा घरात होत्या.